अस्वल मेलं तर दोन ओळी तरी छापा

संपादक महोदय, नमस्कार.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात लहानाची मोठी झाले, आता मकरपुऱ्याला राहते. अस्वलाने माणसाला जखमी केलं की आपल्याकडे फोटोसकट मोठी बातमी येते, 'अस्वलाचा धुमाकूळ' म्हणून, आणि तेच अस्वल फासात अडकून मेलं तर आतल्या पानावर दोन ओळी, त्याही आल्या तर. लांडग्याच्या नशिबी तेवढंही नाही. हे मला फार लागतं, आणि एप्रिलपासून तर जास्तच.

एप्रिलमध्ये आम्ही घरचे सगळे रतनमहालला गेलो होतो. दाहोद जिल्ह्यात देवगड बारियाच्या पुढे, 1982 पासून अभयारण्य आहे, जेमतेम 55 चौरस किलोमीटरचं, आणि अस्वलांसाठीच ओळखलं जातं. तिथल्या गावातले एक काका वाट दाखवायला बरोबर होते. त्यांनी आधी एक फोडलेलं वारूळ दाखवलं, त्यावर नखांचे ओरखडे इतके खोल की माझं बोट आत गेलं. अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, रात्री तो आवाज लांबवर ऐकू येतो म्हणे. पुढे वाटेत विष्ठा पडली होती, सगळी टेंभुर्णीच्या बियांनी भरलेली, म्हणजे हे जनावर फिरता फिरता जंगल पेरत असतं. मग नाल्यापाशी काका एकदम थांबले, खाली वाकले आणि झुडपाच्या बुंध्याला बांधलेली वायर सोडवायला लागले. स्कूटरच्या क्लचची वायर, कुठल्याही गॅरेजमध्ये मिळते ती, तिचा फास केलेला, जनावर जेवढं ओढेल तेवढा आवळत जाणारा, आणि गाठीत पाच-सहा लांब काळे केस अडकलेले. "डुकरासाठी लावतात बेन, पण जो येईल तो अडकतो," एवढंच म्हणाले आणि वायर गुंडाळून पिशवीत टाकली, वनखात्याच्या बीट गार्डला द्यायला.

ते केस बघितले आणि मला माझा ताईत ठेवलेला आईचा डबा आठवला. आमच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन गल्लीत यायचा, सगळ्या आया पोरांना घेऊन बाहेर यायच्या, मूल दचकतं, रात्री रडतं म्हणून त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवायचे आणि चार आण्याला केस विकत घेऊन ताईत करायचे. मलाही बसवलं होतं आणि माझाही ताईत होता. ते पिल्लू मिळवायला आधी त्याच्या आईला मारावं लागतं, मग तापलेल्या सुईने नाक टोचून त्यातून दोरी ओवतात, दात पाडतात, हे कोणालाच माहीत नव्हतं, किंवा कोणी विचारलंच नाही. नाचणारी अस्वलं 2009 च्या सुमाराला रस्त्यावरून नाहीशी झाली, संस्थांनी अस्वलं नाचवणाऱ्या कलंदर लोकांना दुसरा रोजगार देऊन ती सोडवली, हे फार मोठं काम झालं. पण ताईताचं वेड गेलेलं नाही. गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुंजीत एका मुलाच्या गळ्यात चांदीत मढवलेलं नख बघितलं, अस्वलाचं ओरिजिनल आहे असं त्याचे वडील कौतुकाने सांगत होते. अस्वल आणि लांडगा दोन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद आणि कमीत कमी 25,000 दंड आहे, आणि असं नख नुसतं जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. हे त्या माणसाला खरंच माहीत नव्हतं, सांगितल्यावर चेहरा पडला त्याचा. आणि पित्ताशयाचा चोरटा बाजार तर वेगळाच, औषधासाठी म्हणून अस्वल मारायचं, जेव्हा त्यातलं औषधी द्रव्य केव्हापासून कारखान्यात बनतंय! 2016 च्या गणनेत अख्ख्या गुजरातेत 343 अस्वलं होती. एक मादी गेली की तिच्या पाठीवर बसून फिरणारी पिल्लंही गेली, हे गणित कोणी करत नाही.

लांडग्याचं तर नावच बदनाम. 'लांडगा आला रे आला' म्हणतच आपण मोठे झालो. इंग्रजांनी बक्षिसं लावून मारले, 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत दोन लाखांवर लांडगे मारले गेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आता बक्षीस नाही, पण बिळाच्या तोंडाशी धूर करून दगड लावले की आतली पिल्लं संपतात, नाहीतर मेलेल्या शेळीवर विष टाकलं की झालं. 2023 च्या गणनेत गुजरातेत 222 लांडगे मोजले, सगळ्यात जास्त भावनगरकडे, वेळावदरच्या गवताळ भागात. आणि तो राहतो त्या माळरानाला सरकारी कागदात 'पडीक' म्हणतात, मग तिथे काहीही उभं करायला मोकळं.

मी जंगलाजवळच्या लोकांना दोष देत नाहीये. मोहाची फुलं वेचायला पहाटे गेलेल्या बाईचा चेहरा अस्वलाने फाडला तर ती आयुष्यभर ते भोगते. उत्तर प्रदेशात बहराइचला 2024 मध्ये लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली, त्या आयांना कोणत्या तोंडाने सांगायचं की लांडगा वाचवा? पण भरपाई वेळेवर मिळाली, मेंढी गेल्याचे पैसे महिनाभरात हातात आले, तर विषाची बाटली आणायला कोण जाईल? ते होत नाही, आणि ते का होत नाही हे तुमच्या पेपरने विचारावं असं मला वाटतं. केस दाखल झाली एवढं छापून थांबू नका, तिचं पुढे काय झालं, शिक्षा झाली का सुटले, तेही छापा. आणि हल्ल्याची बातमी देताना ते अस्वल तिथे का आलं होतं हे दोन वाक्यांत लिहा.

आई गेली, पण तिचा डबा माझ्याकडेच आहे, ताईतही त्यातच आहे. सोमवारी तो घेऊन वनखात्याच्या ऑफिसात जाणार आहे. त्या मुंजीतल्या मुलाचे वडीलही नख घेऊन बरोबर येतो म्हणालेत.

आपली,
एक जुनी वाचक, बडोदा