जपानच्या जिद्दीचं कौतुक जरा जपून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट आला की पेपरात आणि व्हॉट्सअॅपवर जपानची जिद्द सुरू होते. राखेतून उभा राहिलेला देश, रक्तातच देशप्रेम, आणि शेवटी आपल्याला टोमणा की बघा, तुम्हाला अजून सिग्नल पाळता येत नाही. टोमणा बरोबरच आहे म्हणा. पण ही जिद्द 1945 साली जपान्यांच्याच किती जिवावर उठली ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आधी तारीख बघा. 15 ऑगस्ट 1945 ला दुपारी 12 वाजता सम्राट हिरोहितोंचं रेकॉर्ड केलेलं भाषण रेडिओवर लागलं आणि जपानने हार मानली. आपल्या स्वातंत्र्याला माउंटबॅटनने 15 ऑगस्ट निवडला तो त्याच शरणागतीला दोन वर्षं होतात म्हणून. म्हणजे आपण झेंडावंदनाला उभे असतो तेव्हा टोकियोत मेलेल्यांसाठी मिनिटभर शांत उभं राहायची वेळ जवळ आलेली असते.

आता हिशोब बघा. माजी पंतप्रधान कोनोए फेब्रुवारी 1945 मध्येच सम्राटांना सांगून आले होते की आपण हरलोय, आता थांबा. उत्तर काय, तर एखादी लढाई जिंकू आणि मग बोलू. त्यानंतर 10 मार्चच्या एका रात्रीत अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात टोकियोत लाखभर माणसं जळाली, ओकिनावा बेटावरच्या लढाईत लाखाच्या आसपास साधी माणसं गेली, आणि ऑगस्टमध्ये हिरोशिमा नि नागासाकी. हे सगळं सहा महिन्यांत! नागासाकीवर बॉम्ब पडल्याची बातमी आली तेव्हा युद्ध मंडळाची मीटिंग चालूच होती आणि रशियापण युद्धात उतरला होता, तरी सहापैकी तिघे अडून बसले की अजून अटी घालू. बायकांना बांबूचे भाले देऊन कवायती करून घेत होते, अमेरिकेच्या बी-29 बॉम्बफेकी विमानांसमोर! याला जिद्द म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

शेवटी सम्राटांनी थांबायचं ठरवलं, तर 14 तारखेच्या रात्री काही तरुण अधिकारी राजवाड्यात घुसले आणि त्या भाषणाच्या रेकॉर्ड शोधत फिरले, का तर भाषण लागूच द्यायचं नाही. रेकॉर्ड सापडल्या नाहीत हे नशीब. पकडले जाण्यापेक्षा मरा असा हुकूम 1941 मध्ये सैनिकांच्या पुस्तिकेत छापला गेला तो तेव्हाचे लष्करमंत्री जनरल तोजोंच्या नावाने, आणि त्यांचं स्वतःचं काय झालं? सप्टेंबरमध्ये अमेरिकन अटक करायला आल्यावर गोळी झाडून घेतली, ती नेमकी बसली नाही, अमेरिकन डॉक्टरांनीच वाचवलं आणि 1948 मध्ये खटल्यानंतर फाशी झाली. पुस्तिका वाचून मेलेली हजारो पोरं मात्र परत आली नाहीत.

नेताजी आणि आझाद हिंद सेनेमुळे आपल्याला जपानबद्दल जिव्हाळा आहे, तो मलाही आहे. पण जपानच्या ताब्यातल्या अंदमानात नेताजींनी तिरंगा फडकवला त्याला महिना होतो न होतो तोच, 30 जानेवारी 1944 ला, जपानी सैन्याने हेरगिरीच्या संशयावरून होम्फ्रेगंजला आपलीच 44 माणसं गोळ्या घालून मारली. आणि त्याच मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला त्यांच्याशी लढत होती ती मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण, म्हणजे आपल्याच गावांतली माणसं. इंफाळ घ्यायच्या त्या मोहिमेत जपानी जनरल मुतागुचीने सैन्य जेमतेम तीन आठवड्यांच्या शिध्यावर डोंगरात घातलं, बाकी भरवसा जिद्दीवर, आणि माघारीच्या वाटेवर जपानी पोरं गोळीपेक्षा भुकेने आणि आजाराने जास्त मेली.

राखेतून उभं राहण्याचंही तसंच. युद्धानंतर रेशन एवढं अपुरं की सगळा देश काळ्या बाजारावर जगला. यामागुची नावाचा एक टोकियोचा न्यायाधीश होता, काळ्या बाजाराच्याच केसेस चालवायचा, म्हणून स्वतः तिथलं धान्य खाणार नाही म्हणाला आणि 1947 मध्ये उपासमारीने गेला, वय फक्त 33. नियम पाळणारा असा मेला आणि न पाळणारे जगले, त्यांना दोष कोण देणार? देश सावरला तो कुळांना जमिनी मिळाल्या, 1946 ला बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, लष्कराचं ओझं उतरलं, आणि 1950 ला कोरियाचं युद्ध पेटल्यावर अमेरिकेच्या ऑर्डरी आल्या म्हणून. टोयोटा तर तेव्हा बुडायला आली होती, अमेरिकन आर्मीच्या ट्रकांनी तारली. लोकांनी मेहनत केली नाही असं नाही, भयंकर केली. पण तीच माणसं, तेच रक्त, पाच वर्षांपूर्वी भाले घेऊन उभी होती. बदलले ते कायदे आणि हुकूम देणारे.

आता एक विनंती. शरणागतीनंतर 1946-47 मध्ये जपानात ताबा ठेवायला जी भारतीय सैन्याची ब्रिगेड होती, ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखाली, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. हरलेला जपान डोळ्यांनी बघितलेली ही आपली माणसं, आणि त्यांच्याबद्दल मराठीत मला तरी काही वाचायला मिळालेलं नाही. आमच्या भागात सैन्यात गेलेली घरं पुष्कळ आहेत, कोणाच्या तरी ट्रंकेत पत्रं, फोटो, पेन्शनचे कागद असतीलच. पुढच्या 15 ऑगस्टच्या पुरवणीसाठी तुम्ही आत्ताच आवाहन छापलंत तर नातवंडं घेऊन येतील, आणि जिद्दीवरच्या लेखाला एक वर्ष सुट्टी दिली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, सातारा