दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला, असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आंबा आणि करूळ घाट उतरणाऱ्या मालट्रकांच्या एबीएसची (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेची) दुरुस्ती ज्या घाईने उरकली जाते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. चालकासमोरचा एबीएसचा धोक्याचा दिवा पेटताच अनेक गॅरेजांत चाकाची गती मोजणारा सेन्सर बदलला जातो आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा पेटतो. सेन्सर आणि हबवरील दातेरी कडे यांच्यातील अंतर वाढले की संकेत क्षीण होतो. पुष्कळदा हे अंतर ढिल्या बेअरिंगमुळे वाढते, आणि तसे असेल तर नवा सेन्सरही मागे ढकलला जाणारच.

वास्तविक तपासणी सोपी आहे. जोडणी सोडवून मल्टिमीटर लावावा. नेहमीच्या गुंडाळीच्या सेन्सरचा रोध साधारण ९०० ते २००० ओहम भरतो. मग चाक जॅकवर उचलून दोन सेकंदांत एक फेरा या गतीने हाताने फिरवले असता किमान ०.२ व्होल्ट एसी दाब मिळायला हवा. हे करताना वायर हलवून पाहावी, कारण चिखल-पाण्याने गंजलेला कनेक्टर उभ्या गाडीत दोष दाखवतोच असे नाही.

एबीएस बंद पडले तरी साधे ब्रेक लागतात, म्हणून चालक निर्धास्त राहतात. पण ओल्या उतारावर चाके जखडली की गाडी आवरत नाही. काही जण तर दिव्याचा बल्बच काढून टाकतात, हे मला अक्षम्य वाटते. योग्यता प्रमाणपत्र देताना परिवहन कार्यालयाने चावी फिरवल्यावर दिवा लागतो का आणि गाडी चालू लागल्यावर विझतो का, हे प्रत्येक ट्रकवर पाहावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर