होडीवाल्या मेस्त्रीकाकांस, गाडीवालीकडून

मेस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवील आणि अर्ध्यावर तुम्ही "पुरे गो" म्हणून उठाल. तरीही चारचौघांत लिहिते आहे. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, आणि पैसे पुढे केले की सामानाची चिठ्ठी काढून तेवढेच मोजून घेता. शिवाय जुनी फायबरची गाडी घेऊन या किनाऱ्यावर आणखी कोणी डोकं धरून बसलेलं असेल, तर त्याच्याही उपयोगी पडेल.

वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख आधी करून देते. सॅन स्टॉर्म. दोन माणसांची, कापडी टपाची, नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाजारात आलेली. कंपनी बंगळूरची, गाडी तयार व्हायची गोव्यात, घडण फ्रेंच आणि इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ६० अश्वशक्ती. आज बहुतेक साध्या हॅचबॅकना याहून जास्त ताकद असते. पण बसायची जागा इतकी खाली की आचऱ्याच्या रस्त्याला चाळीसने गेलं तरी ऐंशीने चालल्यासारखं वाटतं, आणि गावातला प्रत्येक गतिरोधक तिरकस घ्यावा लागतो. हौशीला मोल नसतं म्हणतात. मालवणात मात्र लोकांनी मोलही विचारलं आणि "सामान ठेवतलंस खय?" हेही विचारलं.

गाडी गोव्याहून आणली तेव्हा ती चालत होती. दिसत मात्र वाईट होती. बॉनेटच्या कडेला भेगांचं जाळं, उजव्या दरवाज्याखाली फायबरचा तुकडाच निघालेला, टप उन्हाने कुरकुरीत. आधी पत्र्याचं काम करणाऱ्या गॅरेजमध्ये नेली. एकाने बोटाने टकटक केलं आणि "हा पत्रा नाही" म्हणून हात झटकले. दुसरा म्हणाला, लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देतो, ओळखू येणार नाही. तो दुसरा पर्याय मला तेव्हा फार आवडला होता. सर्जेकोटच्या बाजूला होड्यांचं फायबर करणारे एक जण आहेत, असं मासळी आणणाऱ्या वहिनींनी सांगितलं नसतं, तर गाडी तिथेच गेली असती.

तुम्ही बॉनेट उघडलंच नाही. इंजिन कुठलं, किती पळते, काही विचारलं नाही. खिशातून रुपयाचं नाणं काढलंत आणि पुढच्या बंपरपासून डिकीपर्यंत सगळ्या अंगावर ते हळूहळू ठोकत गेलात. मीही कान देऊन ऐकत होते. बहुतेक ठिकाणी टणटणीत आवाज यायचा, आणि मध्येच एखाद्या वितीएवढ्या जागी आवाज बसका व्हायचा. तिथे तुम्ही खडूने गोल काढायचात. वरून रंग अगदी साबूत असलेल्या जागीही असे गोल निघाले. आतले थर एकमेकांपासून सुटलेत, तुम्ही म्हणालात. शेवटी खाली वाकून चासीच्या लोखंडावर नखाने गंज खरवडलात आणि निकाल दिलात, "ही गाडी नाय गो, ही होडीच. फक्त पाण्यात सोडूची नाय."

मग म्हणालात, काम पावसानंतर.

तेव्हा मे महिना होता. मी हट्ट केला, ताडपत्री बांधून करूया म्हटलं. "पावसात ह्या काम करुचा नसता. मॅटीक ओल धरली काय रेझिन बसणा नाय." काचेच्या तंतूंची मॅट हवेतला दमटपणा ओढते, तिच्यावर लावायचं रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, नीट सुकत नाही, वरून चकचकीत दिसलं तरी आत फोड राहतात आणि वर्षा-दोन वर्षांत तेच वर येतात. शिवाय १ जूनला मासेमारी बंद झाली की किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांची डागडुजी तुमच्याकडे रांगेत उभी, आणि त्या नारळी पौर्णिमेच्या आत निघायला हव्यात. ज्यांचं पोट होडीवर आहे त्यांच्या आधी माझ्या हौशीचा नंबर लागणार नव्हता, आणि लागू नये हेच बरोबर.

पण नुसतं थांबायला सांगून तुम्ही मला मोकळं सोडलं नाहीत. गाडी आमच्या मांगरात, म्हणजे खोपटात, चार ठोकळ्यांवर चढवून ठेवायला लावलीत. वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं नाही, सुती चादर घालायची, नाहीतर आत घाम धरतो. आणि पावसाळाभर मी वायरिंग करायचं.

या वायरिंगबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. गाडीचा रोग असा होता की डावा इंडिकेटर लावला की मागचा दिवा लुकलुकायचा, आणि ब्रेक दाबला की पुढचे दिवे मंद व्हायचे. याआधी कोणी बल्ब बदलले, कोणी स्विच बदलला. तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, "पत्र्याच्या गाडयेत वीज परत खयसून जाता?" पत्र्यातून, मी म्हटलं. "मगे हिका पत्रो खय आसा?"

बस, तेवढंच. साध्या गाडीत बॅटरीची ऋण बाजू बॉडीला जोडलेली असते, म्हणून दिव्याची एक तार जवळच्या पत्र्याला स्क्रूने आवळली की काम भागतं. फायबरमधून वीज वाहत नाही. इथे प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र तार लागते, ती लोखंडी चौकटीपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत न्यावी लागते, आणि खाऱ्या हवेने त्या तारेचं टोक हिरवं पडलं की वीज दुसऱ्याच दिव्यातून परतीची वाट शोधते. तेच लुकलुकणं. होडीवर दिवे बसवणाऱ्या माणसाला हे रोजचं असतं, गाडीवाल्यांच्या मात्र ते लक्षात येत नाही. साधी तांब्याची तार तुम्ही घेऊच दिली नाहीत. कल्हई केलेली, होड्यांना वापरतात ती आणायला लावलीत. महाग पडली. पण जुनी तार सोलली तेव्हा इन्सुलेशनच्या आत हातभर अंतरापर्यंत काळी पडलेली निघाली, आणि मग किमतीबद्दल मी काही बोलले नाही. त्याच वेळी पुढच्या दिव्यांना रिले बसवले, म्हणजे सगळा करंट त्या जुन्या नाजूक स्विचमधून जायला नको. आता रात्री देवगडहून येताना कुणकेश्वरच्या वळणांवर रस्ता दिसतो.

इंजिनाचं काम तुमच्याकडे नव्हतं, पण तिथेही तुमची एक सूचना उपयोगी पडली. पर्यटकांच्या बोटींच्या आउटबोर्ड इंजिनांच्या टाक्यांत तळाला पाणी साचलेलं तुम्ही वारंवार पाहिलेलं, म्हणून टाकी आधी रिकामी करून बघ म्हणालात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि त्या काळच्या रबराला मऊ करून सोडतं. नळ्या काढल्या तर दोन बोटांत दाबल्यावर चिकट लागत होत्या. सगळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप मागवताना गाडीचं नाव सांगून उपयोग नव्हता. इंजिनाचा कोड डी७एफ सांगितला तेव्हा दुकानदाराला कळलं, कारण हेच इंजिन परदेशात रेनोच्या ट्विंगो आणि क्लिओत होतं. रेडिएटरमध्ये कोणीतरी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलेलं होतं. त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

फायबरचं काम दसऱ्यानंतर सुरू झालं, भात कापून झाल्यावर. खोपीत पाऊल टाकल्या टाकल्या तुम्ही दोन गोष्टी बजावल्यात. आगपेटी आत आणायची नाही. आणि रेझिन सुकवायला लागणारी दोन रसायनं, कोबाल्टची बाटली न् हार्डनरची बाटली, एका फळीवर कधी ठेवायची नाहीत. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घालून पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर, शेकडा एक ते दोन एवढाच. दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो. तुमच्या मनगटावरचा डाग कसला ते मी विचारलं नाही.

भेगेवर लांबी न भरता तुम्ही ती ग्राइंडरने आणखी मोठी केलीत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. जिथे दोन सूत भेग होती तिथे तळहाताएवढा खळगा झाला. पण कारण नंतर हाताने कळलं. तीन मिलिमीटर जाडीच्या फायबरला चारी बाजूंनी तीन-साडेतीन सेंटिमीटरचा उतार दिला की नवी मॅट जुन्यावर पसरून पकड घेते. नुसती भेग भरली तर गाडी खड्ड्यात आपटली की ती त्याच जागी परत उघडते. पहिले थर आतल्या बाजूने, मग बाहेरून. मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन, त्याहून जास्त नाही, कारण ताकद काचेत असते. ब्रशने फासायचं नाही, टेकवत जायचं. मग लोखंडी रोलर, पांढरे ठिपके दिसेनासे होईपर्यंत. एकेक ठिपका म्हणजे अडकलेली हवा. दरवाज्याखालचा निघालेला भाग तुम्ही दुसऱ्या बाजूच्या चांगल्या भागावरून साचा काढून, उलटा जुळवून, जागच्या जागी बांधलात. तो कुठे आहे हे आता मलाही बोट फिरवून सापडत नाही.

हाताला खाज सुटेल म्हणून काकींनी खोबरेल लावून पाठवलं होतं, आणि घरी जाऊन आधी गार पाण्याने धू, असं बजावलं होतं. काकींनी खोपीतच आणून दिलेल्या पेजेचे आभारही यातच धरा.

आता त्या भांडणाबद्दल. मला मोठं इंजिन हवं होतं. फोनवर व्हिडिओ बघून माझ्या डोक्यात शंभर अश्वशक्तीचं वारं शिरलं होतं. तुम्ही रोलर अॅसिटोनमध्ये बुडवत, वर न बघता म्हणालात, "बारक्या होडयेक मोठा इंजिन लावलंस काय ती पाठसून फुटता." मी म्हटलं गाडीचं इंजिन पुढे आहे. "मगे फुडसून फुटात." मी चिडून घरी आले आणि कायदा वाचायला बसले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या मूळ बनावटीत परस्पर बदल करता येत नाही. कायद्याने तुमचीच बाजू घेतली. चौकट, ब्रेक, सगळं ६० अश्वशक्तीच्या मापाने बांधलेलं. म्हणून सुधारणा केल्या त्या टिकाऊपणाच्या: बॉडी चौकटीला धरणारे गंजके बोल्ट काढून ३१६ दर्जाचे स्टेनलेस, कारण ३०४ वर समुद्राकाठी तांबूस डाग धरतात, जिथे स्टेनलेस अॅल्युमिनिअमला टेकतं तिथे मध्ये वॉशर आणि ग्रीस, चौकटीला गंजरोधक प्रायमर, नवे टायर. टप बाजारातल्या ताडपत्री शिवणाऱ्याने शिवला, पॉलिस्टरच्या दोऱ्याने, कारण सुती दोरा इथल्या उन्हा-पावसात कुजतो हेही तुम्हीच सांगून ठेवलं होतं. सुधारणा म्हणून कोणाला दाखवायला जावं तर यातलं काहीच नजरेत भरत नाही. गाडी मात्र आता खडखडत नाही.

कागदांची दगदग मी एकटीने केली, त्याचं श्रेय मात्र तुम्हाला देणार नाही. गोव्याचा ना-हरकत दाखला, इथला कर, पंधरा वर्षं उलटलेली म्हणून नोंदणीचं नूतनीकरण, ओरोसच्या आरटीओत तपासणी. तपासणाऱ्या साहेबांनी गाडीभोवती फेरी मारून दरवाज्याखालच्या त्याच भागावर हात फिरवला आणि विचारलं, "ओरिजिनल आहे?" मी हो म्हटलं. साचा ओरिजिनलचाच होता ना.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत. "शिकलंस ना, झाला" म्हणालात. हे मला पटलेलं नाही, आणि ते इथे सगळ्यांदेखत सांगते आहे. तुम्ही ज्याला किरकोळ काम म्हणता, ते करणारे हात या किनाऱ्यावर आता मोजकेच आहेत. तुमच्या खोपीचं छप्पर गळतं हे मी ऑक्टोबरमध्येच पाहिलं आहे. त्याच्या पत्र्यांची ऑर्डर मी दिली आहे. पत्रे पावसाआधी येतील, परत पाठवलेत तर दुकानदार घेणार नाही, तसं त्याच्याशी बोलून ठेवलं आहे.

आणि तुमचा छोटा रोलर चुकून माझ्या डिकीत आला आहे. रविवारी बंदरावर येते तेव्हा घेऊन येईन. काकींना सांगा, देवळात जायचं म्हणत होत्या ना, त्या दिवशी नेते. माझ्या शेजारी एकच सीट आहे, तेव्हा तुम्हाला घरीच थांबावं लागेल.

तुमचं,
पिवळ्या गाडीवालं चेडू