हिरड्यांचं काय झालं ते

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू अर्धं ऐकलंस आणि उरलेलं मनाने जोडलंस, म्हणून लिहूनच कळवते. माझे दात पडत नाहीयेत. हिरड्यांतून रक्त यायचं, तेही थांबलंय. बाकी सगळं नेहमीसारखं.

इथली एक तऱ्हा मात्र सांगायलाच हवी. डॉक्टरीणबाई खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत हळूच घालतात आणि मोठ्याने आकडे म्हणतात, "3, 2, 3, 5..." मदतनीस मुलगी लिहून घेते. एकेका दाताभोवती 6 ठिकाणी! पाढ्यांचा तास चाललाय असं वाटतं. ते मिलिमीटर असतात. 3 पर्यंत ठीक. त्याहून खोल म्हणजे बहुधा हिरडी दातापासून सुटायला लागलीये. माझ्या मागच्या दाढांपाशी 5 निघाले आणि एक्स-रेत तिथलं हाड थोडं झिजलेलं दिसलं. नुसती सूज पूर्ण बरी होते. गेलेलं हाड आपोआप भरत नाही, पण आहे ते टिकवता येतं.

"साफ केले की दात हलतात" असं तू म्हणणारच. नाही गं. कीटण दाताला धरून ठेवत नाही, जंतूंना थारा देतं. ते निघून सूज उतरली की फटी उघड्या पडतात, म्हणून तसं वाटतं. मला भूल देऊन हिरडीच्या आत, मुळांवरचं कीटण काढलं. थोडे दिवस गार पाणी झोंबलं, इतकंच. आता पुन्हा मोजतील. खोली कमी झाली नसेल तरच शस्त्रक्रियेचं बघायचं. आणि रक्त येतं म्हणून ब्रश सोडायचा नसतो, उलट नीट करायचा.

माझं सोड, बाबांना दाखव. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आटोक्यात राहत नाही. वर सिगारेट. "मला कुठे रक्त येतं?" म्हणतील. सिगारेटने रक्तच कमी येतं, दुखणं आत झाकलेलं राहतं. मी तिथे असते तर हाताला धरून नेलं असतं. असो.

पैसे या वेळी जास्त पाठवलेत. बाबांच्या दातांसाठी आहेत, दादाच्या हप्त्यात घालू नकोस. माझं बरंचसं विम्यातून निघालं, खरंच.

स्थळाकडे दातांचं बोलू नकोस म्हणालीस, पण मी त्याला सांगून टाकलं. अजून फोन करतोय. सुट्टीचं नक्की नाही गं, रागावू नकोस. तू तारीख तेवढी घेऊन ठेव, दातांच्या डॉक्टरांची म्हणतेय.

तुझी लेक