गच्चीवरच्या सोलरबद्दल, मीटिंगच्या आधी

मा. अध्यक्ष साहेब आणि कमिटीचे सगळे मेंबर,

नमस्कार.

लिफ्टशेजारी लावलेली सोलरची नोटीस वाचली. "स्वच्छ, फुकट आणि कायमस्वरूपी वीज" असं वर ठळक अक्षरात लिहिलंय. माझं मत हो आहे, ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून मला विरोधकांच्या यादीत टाकाल. पण ही नोटीस कमिटीची वाटत नाही, व्हेंडरच्या पत्रकातून उतरवल्यासारखी वाटते, आणि असल्या तीन शब्दांवर लोकांनी सह्या केल्या तर वर्षभरात "आम्हाला हे सांगितलंच नव्हतं" म्हणून तुमच्याच दारात येतील. म्हणून मीटिंगच्या आधी लिहितेय, लांबलंय थोडं, सांभाळून घ्या.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे लाइट गेली की काय. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, सोलर आल्यावर लाइट गेली तर लिफ्ट चालेल ना, त्यावर तीन अंगठे पडले आणि विषय संपला. तर नाही चालणार. माझ्या भावाच्या बिल्डिंगमध्ये हेच झालं, भर दुपारी लाइट गेली, डोक्यावर चटके देणारं ऊन, गच्चीवर एवढे पॅनल, आणि आजी-आजोबा जिन्यात टेकत टेकत वर चाललेत. लोकांना वाटलं सिस्टीम बिघडली. बिघडली नव्हती, ती अशीच बनवलेली असते. ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या विजेसारखी करून देणारा डबा) ग्रीडची वीज गेली की मुद्दाम स्वतःला बंद करतो, कारण आपली वीज उलटी लाइनवर गेली तर खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या माणसाला शॉक बसेल. म्हणजे नियम बरोबरच आहे. लिफ्ट चालवायची असेल तर बॅटरी आणि हायब्रिड, म्हणजे ग्रीड नसतानाही बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर लागतो, आणि लिफ्टची मोटर सुरू होताना जो झटका घेते तो सोसेल एवढा मोठा लागतो. नोटीसमध्ये बॅटरीचा ब पण नाही.

आता बॅटरी म्हटलं की वेगळी कटकट. लिथियमच्या दोन जाती नेहमी समोर येतात, एकीत निकेल-कोबाल्ट असतं आणि दुसरी लोह-फॉस्फेटची. कोबाल्टपैकी दोनतृतीयांशाहून जास्त कांगोमधून येतं आणि तिथल्या खाणींत लहान मुलं राबतात हे बऱ्याच वेळा बाहेर आलंय, त्यामुळे "स्वच्छ" शब्द लिहिताना जरा हात थांबायला हवा. लोह-फॉस्फेटवाल्या बॅटरीत कोबाल्ट नसतं, ती जड आणि मोठी असते पण पेट घ्यायला सहजासहजी तयार नसते. गाडीत वजन नको असतं, आपल्याला बिल्डिंगमध्ये वजनाचं काय पडलंय, तेव्हा घ्यायचीच झाली तर तीच घ्या. आणि कृपा करून जिन्याखाली मीटर रूममध्ये ठेवू नका, आग लागली तर सगळ्यांची पळायची वाट तीच आहे.

पण बॅटरी सगळ्यासाठी लागतच नाही. मला हे सुचलं ते झोपमोड झाल्यामुळे. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते, रोज पहाटे साडेपाचला पंप सुरू होतो आणि टाकी भरल्यावर ओव्हरफ्लोचं पाणी माझ्या बेडरूमच्या मागच्या पाइपमधून धो धो खाली जातं, वॉचमन काका येऊन बंद करेपर्यंत. साडेसात हॉर्सपॉवरचा पंप आहे, म्हणजे साधारण साडेपाच किलोवॉट, तीन तास चालला तर सोळा-सतरा युनिट गेले, त्यातले काही निव्वळ गटारात. हाच पंप पहाटेऐवजी दुपारी बारा ते तीन चालवला तर पॅनलची वीज थेट त्यालाच लागेल, ना बॅटरी ना काही. टाकीत वर चढवून ठेवलेलं पाणी हीच आपली बॅटरी. आणि हे काही माझं डोकं नाही, जगभर विजेच्या कंपन्या हेच करतात, वीज जास्त असेल तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि नंतर ते सोडून टर्बाइन फिरवायचं, साठवणुकीची ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्याला तर टर्बाइन पण नकोय, फक्त टायमर आणि टाकीत एक धड चालणारा फ्लोट स्विच, म्हणजे टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा, हवाय. पहाटेच्या पाण्याचं काय म्हणाल तर दुपारी दोन्ही टाक्या गच्च भरल्या की सकाळ निघते, मी आठवडाभर वर जाऊन बघितलंय.

वर जाते तेव्हा अजून एक उद्योग केलाय. नोटीससोबतच्या नकाशात पॅनलच्या तीन रांगा दाखवल्यात आणि तिसरी रांग बरोबर टाकीच्या मागे. म्हणून मी खडू घेऊन टाकीची सावली गच्चीवर आखली, सकाळी नऊला एक रेघ, बाराला एक. नऊ वाजता सावली तिसऱ्या रांगेच्या अर्ध्याहून जास्त जागेवर पडते. लोकांना वाटतं एका पॅनलवर सावली पडली तर त्या एकाचीच वीज जाईल, पण पॅनल एकामागे एक माळेत जोडलेले असतात, एकाचा प्रवाह अडला की पूर्ण माळ ढेपाळते. आत बायपास डायोड, म्हणजे अडलेला भाग वगळून प्रवाह पुढे नेणारे छोटे भाग, असतात ते थोडं सावरतात, किंवा प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर लावता येतो पण मग खर्च वाढतो. आणि मी हे आत्ता आखलंय, हिवाळ्यात सूर्य अजून खाली असतो, सावल्या लांबतात. माझं म्हणणं, तिसरी रांग सोडून द्या. कमी पॅनल लावा पण उन्हात लावा.

हिशोबही सरळ सांगा ना लोकांना. ऊन चांगलं असेल तिथे एका किलोवॉटमागे दिवसाला चारेक युनिट धरतात, म्हणजे दहा किलोवॉटला चाळीस, तेही वर्षाची सरासरी, पाऊस-ढगाच्या दिवसात निम्म्याच्याही खाली. जागा म्हणाल तर नुसत्या पॅनललाच पन्नास चौरस मीटर, वर मधून चालायची वाट वेगळी. त्यातही एक गंमत म्हणजे पॅनलला ऊन हवं असतं पण उष्णता सोसत नाही. कंपनी जे वॉट छापते ते पॅनल २५ अंशावर असताना, आणि गच्चीवर तो सहज ६० अंशाला पोचतो, दर अंशाला साधारण पाव ते अर्ध्या टक्क्याच्या मधलं, म्हणजे ०.३५ च्या आसपास धरा, एवढं उत्पादन घटतं, म्हणजे कडक उन्हाळ्यातच बारा टक्के गायब. शिवाय धूळ आणि कबुतरं. पुसायचं कोण? वॉचमन काकांच्या गळ्यात टाकू नका, वयाकडे बघा त्यांच्या.

आता माझा स्वार्थ, तो पण उघड सांगते. मागे डिशच्या अँटेना लावताना कुणी कुणी स्लॅबला भोकं पाडली आणि त्या वर्षी माझ्या हॉलच्या छताला ओल आली, पोपडे पंख्यावर पडायचे, तीन वेळा वॉटरप्रूफिंग झालं. सोलरच्या स्टँडसाठी शेकड्याने भोकं पाडणार असाल तर मी आडवी पडेन. भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर वजनाने बसवायची पद्धत असते, पण मग स्लॅबला तेवढा भार झेपतो का आणि वाऱ्यात स्टँड उचललं जाणार नाही ना हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लिहून घ्या. आधी वॉटरप्रूफिंग, मग सोलर. उलटं केलं तर गळती शोधायला पॅनल काढावे लागतील.

आणि आगीचं. मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनलमधून येणाऱ्या वायरीत शेकडो व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज असते, ती बंद करायला सूर्यावर चादर टाकता येत नाही. त्यामुळे डीसीचा वेगळा आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच, गच्चीच्या दाराशीच हवा, वर मोठ्या अक्षरात पाटी हवी आणि फायर ब्रिगेडला नकाशा देऊन ठेवायला हवा. कोटेशनमध्ये हे शोधलं, सापडलं नाही.

एवढं सगळं वाचून दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतील, बघा, मी म्हणत होतो, हे सगळं थोतांड आहे, पॅनल बनवायलाच एवढा कोळसा जळतो. काका, थांबा. जळतो हे खरं आहे, पॅनल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात ८० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या चीनचा आहे आणि तिथली वीज बरीचशी कोळशाची. पण बनवायला गेलेली ऊर्जा पॅनल एक-दोन वर्षांत परत देतो आणि नंतर वीस-पंचवीस वर्षं चालतो. खाणीपासून भंगारापर्यंत सगळं धरून आयपीसीसीने, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, २०१४ च्या अहवालात आकडे दिलेत, एका युनिटमागे कोळशाच्या विजेचा कार्बन ८२० ग्रॅम, गॅसचा ४९०, गच्चीवरच्या सोलरचा ४१. शून्य नाही, पण वीसपट कमी आहे. आणि आपला तो जनरेटर, लिटरभर डिझेलमध्ये तीन-साडेतीन युनिट काढतो आणि पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे युनिटमागे कोळशाच्याच पंगतीत बसतो, वर पहिल्या मजल्यावरच्या बाळाच्या खोलीत धूर. लिफ्टपुरती बॅटरी घ्या असं मी म्हणते ते खरं तर त्या बाळासाठी.

"नवीन टेक्नॉलॉजी आहे, अजून थांबू" हेही पटत नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेने सिलिकॉनची सोलर सेल, म्हणजे पॅनलमधला वीज बनवणारा तुकडा, दाखवली १९५४ साली, तेव्हा उन्हातली सहा टक्केच ऊर्जा विजेत बदलायची, १९५८ मध्ये तर ती व्हॅनगार्ड-१ उपग्रहावर बसून अवकाशात गेली. आज साधा पॅनल वीस टक्क्यांच्या वर आहे. आणखी किती थांबायचं.

ग्रुपवर गच्चीसाठी छोट्या पवनचक्कीचा व्हिडिओ फिरतोय, तो मात्र विसरा. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने बदलते, वेग अर्धा झाला की वीज एक अष्टमांश, आणि बिल्डिंगांच्या मधला वारा तर नुसता भोवरा. त्यात कुठलीही चक्की वाऱ्यातली ५९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढूच शकत नाही, हे बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवलंय. समुद्रात उंच खांबावर ती सोनं पिकवते, आपल्या डोक्यावर फक्त घरघर करेल, आणि ती घरघर परत माझ्याच छतातून.

बायोगॅसचं म्हणाल तर ओला कचरा वेगळा द्यायला आपल्याला अजून जमलेलं नाही. धरण की अणू ही जी भांडणं रात्री बारापर्यंत चालतात ती तर आपल्या गच्चीची नाहीतच. चेर्नोबिल झालं १९८६ ला हे खरं, पण १९६३ मध्ये इटलीत वायोंट धरणात डोंगर कोसळून लाटेने दोन हजारांच्या आसपास माणसं नेली तेही खरं, आणि कोळशाच्या धुराने रोज मरणाऱ्यांची बातमी होत नाही एवढंच. सगळ्यात काही ना काही आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगबद्दल एकच. गाड्या दिवसभर ऑफिसला आणि चार्ज होणार रात्री, तेव्हा पॅनल झोपलेले. "आमची गाडी सोसायटीच्या सोलरवर चालते" म्हणायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी दुपारी लावा. दुपारची जादा वीज ग्रीडला देऊन रात्रीच्या बिलातून वजा होते हे कागदावर चांगलं आहे, पण नियम बदलू शकतात, फक्त त्या भरवशावर मोठी सिस्टीम घेऊ नका. आपल्या कॉमन मीटरच्या दिवसाच्या वापराएवढीच घ्या.

आणि "कायमस्वरूपी" शब्द काढाच. पॅनल दरवर्षी अर्धा टक्का तरी म्हातारा होतो, पंचवीस वर्षांची वॉरंटी असते, पण इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो, तो खर्च सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवतो त्या पैशात, आत्तापासून धरा. शेवटी पॅनल उतरवून नेणार कोण हेही करारात हवं. त्यात वजनाने बहुतेक काच, बाजूने अॅल्युमिनियम, थोडी चांदी, आणि जोडांमध्ये शिसं, म्हणजे रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला द्यायची वस्तू नाही. युरोपने २०१२ मध्येच ते ई-कचऱ्याच्या कायद्यात घेतलं. आपल्या कोटेशनमध्ये बावीस पानं आहेत, त्यात या विषयाची एक ओळ नाही.

तर नोटीस बदलून परत लावाल का? तीन रांगांऐवजी दोन, बॅटरी फक्त लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांपुरती, पंप दुपारी, गच्चीला आधी वॉटरप्रूफिंग, आणि सगळे तोटे त्याच ठळक अक्षरात. मग मतदान घ्या, माझा हात पहिला वर असेल. पंपाचा टायमर मात्र मतदानाची वाट न बघता या आठवड्यातच लावा, त्याला सोलर लागत नाही.

आणि शनिवारी गच्चीची चावी वॉचमन काकांकडे ठेवायला सांगा. तीन वाजताची सावली आखायची राहिलीय आणि मागच्या वेळी कुलूप होतं.

तुमची,
सर्वात वरच्या मजल्यावरची शेजारीण