काका, त्या दिवशी तुम्ही आम्हाला काडी लावू दिली नाहीत

व्हरमाँट, अमेरिका, भोगी

ती. काका आणि ती. काकू यांना साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, या हिवाळ्यात आपल्या ओळखीतल्या आणखी दोन मराठी घरांनी इकडे डोंगरात जुनी घरं घेतली. दोन्ही घरांत बैठकीच्या खोलीत लाकडाचा स्टोव्ह आहे. दोघींचेही फोन आले, "तुमच्याकडे आहे ना, कसा पेटवायचा सांग." मी सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, यातलं माझं काहीच नाही, शब्दसुद्धा तुमचेच आहेत. तेव्हाच ठरवलं की तुमचे आभार चारचौघांत मानायचे. तुम्ही म्हणालात, "लिही, पण नाव घालू नकोस," म्हणून घातलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर. घर घेऊन महिना झाला होता. मेपलची पानं गळून गेली होती, पहाटे गवतावर पांढरं दहिवर दिसायला लागलं होतं. घर दाखवणारा म्हणाला होता, "स्टोव्ह एकदम चालू आहे, हिवाळ्यात घर तापवायच्या तेलाचं बिल निम्मं होईल." घराची तपासणी करणाऱ्याने अहवालात त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिली होती. आम्ही दारात लाकडं टाकून घेतली होती. वास्तुशांतीला तुम्ही दोघं नदीपलीकडून, न्यू हॅम्पशायरहून आलात. काकूंच्या हातात साडी-खण होतं आणि तुमच्या हातात कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे दोन अलार्म. आहेर म्हणून अलार्म आणलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. जेवणं व्हायच्या आत तुम्ही ते लावलेतसुद्धा, एक झोपायच्या खोल्यांबाहेर, एक खालच्या मजल्यावर.

मग तुम्ही स्टोव्हकडे वळलात. एकाहत्तर वर्षांचा माणूस, अंगात वास्तुशांतीचा रेशमी कुर्ता, आणि तुम्ही सरळ जमिनीवर आडवे झालात, टॉर्च घेऊन स्टोव्हच्या पाठीमागे डोकं घातलंत. कंपनीने लावलेली पाटी शोधत होता. पाटी असली तर तिच्यावर लिहिलेलं असतं की भिंत किती लांब हवी, कोपरा किती लांब हवा. आमच्या स्टोव्हला पाटीच नव्हती. पाटी नसलेल्या स्टोव्हपासून जळू शकणारी कुठलीही वस्तू ३६ इंच लांब पाहिजे, तुम्ही म्हणालात, आणि टेप लावलात. पाइनच्या फळ्यांची भिंत १४ इंचांवर होती. तुम्ही फळ्यांवर तळहात फिरवलात आणि मलाही फिरवायला लावलात. स्टोव्हच्या मागच्या फळ्या बाकीच्यांपेक्षा काळपट, हलक्या आणि ठिसूळ लागत होत्या. "हे लाकूड वर्षानुवर्षं भाजलं गेलंय. कोरं लाकूड पेटायला जेवढी उष्णता लागते, तेवढी याला लागणार नाही."

नंतर धुराच्या नळीचा एक सांधा सोडवून तुम्ही आत बोट घातलंत. मला वाटलं होतं काजळी निघेल, आजीच्या चुलीवरच्या आढ्याला असायची तशी, मऊ. निघाला तो काळा, चकचकीत, काचेसारखा कडक थर. क्रिओसोट. ओलं लाकूड कोंडून, धुमसत जाळलं की धूर वर जाता जाता गार होतो आणि नळीला चिकटतो, ते हे. तुम्ही नखाने टवका काढून माझ्या हातावर ठेवलात. डांबराचा वास येत होता. "हा सरपणच आहे," तुम्ही म्हणालात, "फक्त चिमणीत रचून ठेवलेला. पेटला तर ११०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो."

आणि मग ते वाक्य : "या हिवाळ्यात हा पेटवायचा नाही."

काका, आज कबूल करते, मला तुमचा राग आला होता. लेक पाच महिन्यांची होती, घर गार होतं, दारात विकत घेतलेली लाकडं होती. पाहुणे म्हणून आलेल्या माणसाने आपल्या घरात आपल्याला बंदी घालावी, हे तुमच्या जावयालाही आवडलं नव्हतं. रात्री आम्ही "एकदा थोडासा पेटवून बघू या का" असं बोललोही. सकाळी सात वाजता तुमचा फोन आला, "पेटवला नाहीत ना?" तो फोन तुम्ही पुढे आठवडाभर रोज केलात. काकूंनी गोधडी पाठवली. तो हिवाळा आम्ही तेलावर काढला आणि बिलं भरली.

वसंतात चिमणी साफ करणारा माणूस तुम्हीच शोधून दिलात, परवानाधारक, कॅमेरा आत सोडणारा. पडद्यावर आम्ही आमची चिमणी आतून पाहिली. विटांच्या आतली मातीची नळी दोन ठिकाणी तडकली होती. वरची तड बरोबर माळ्याच्या उंचीवर, आणि तिथे विटांना लागून छपराची तुळई. तुम्ही काही बोलला नाहीत. मी लेकीला घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

पुढचं काम पैशाचं होतं, ते थोडक्यात सांगते. जुना स्टोव्ह भंगारात दिला. विटांच्या चिमणीत वरपासून खालपर्यंत सहा इंची स्टेनलेस स्टीलची नळी, भोवती उष्णतारोधक आवरण. चिमणीचं तोंड छपरातून जिथे बाहेर येतं तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच. नवा स्टोव्ह, पाटीवाला. पाटीवर लिहिलेलं अंतर टेपने मोजून, दारासमोर १८ इंचांपर्यंत दगडी लादी. विमा कंपनीला फोटो. लेक रांगायला लागली होती, म्हणून भोवती लोखंडी जाळी भिंतीला स्क्रूने पक्की केली, ढकलून सरकेल अशी नव्हे.

लाकडाचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण नव्या घरवाल्या सगळ्या तिथेच फसतात. आम्हीही फसलो होतो. दारात टाकलेली ती लाकडं "सुकलेली" म्हणून विकत घेतली होती. तुम्ही एक ओंडका कुऱ्हाडीने फोडलात आणि ओलावा मोजायच्या मीटरचे दोन काटे आतल्या ताज्या बाजूला टोचलेत. बाहेरून टोचायचे नाहीत, बाहेरून सगळंच सुकलेलं दिसतं. आकडा ३४ टक्के आला. २० च्या वर असेल तर जाळायचं नाही, पाणी उकळण्यातच बराच जाळ जातो आणि उरलेल्याचा धूर होतो. मग दोन फोडी एकमेकींवर आपटून दाखवल्यात : ओलं लाकूड 'धप' करतं, सुकं 'खण' करतं. आता माझी लेकही आपटून बघते. तिचा निकाल मीटरशी जुळतो.

तेव्हापासून आम्ही लाकूड एप्रिलमध्ये घेतो, ते पुढच्या हिवाळ्यासाठी नाही, त्याच्या पुढच्या. मेपल, बीच, बर्च. ओक मिळाला तर त्याला किमान दोन उन्हाळे लागतातच. इथे लाकूड 'कॉर्ड'च्या मापाने विकतात; एक कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब, १२८ घनफूट. रास उतरवून घेताना मोजायची, हेही तुम्हीच सांगितलंत. खाली फळ्या घालून जमिनीपासून उचललेली, वरून झाकलेली, बाजूंनी उघडी, वारा खेळेल अशी. कडबा रचतात तशी. गंजी कशी लावायची ते मला साताऱ्याकडच्या माणसाने अमेरिकेत शिकवलं, याचं मला फार बरं वाटतं.

पेटवायला शिकवताना तुम्ही आपल्या बंबाची आठवण काढलीत. बंबाच्या मधल्या नळीत आधी कागद पेटवून टाकला की ती तापते, मग धूर आपसूक वर ओढला जातो, नाहीतर डोळ्यांत येतो. इथेही तेच. गारठलेल्या चिमणीत थंड हवा बसलेली असते, तिला आधी हलवायचं. जाड फोडी खाली, त्यावर बारीक, आणि काटक्या सगळ्यांत वर. जाळ वरून खाली उतरतो, धूर जळूनच बाहेर जातो. स्टोव्हला हवा देणारी झडप सुरुवातीला पूर्ण उघडी, नळीवरच्या थर्मामीटरचा काटा २५० ते ४७५ फॅरनहाइटच्या मध्ये. रात्री झोपताना लाकडं कोंबून हवा बंद करायची नाही, त्या मोहातूनच तो काळा चकचकीत थर येतो. आणि रॉकेल कधीच नाही. गावाकडे ओलं सरपण पेटेना की बाटली उलटी करताना आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून तुम्ही ते दोनदा सांगितलंत. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, औषध मारलेल्या फळ्या, चकचकीत कागद, हेही नाही. चिमणीतला थर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, झाला की झाडून घ्यायची, आणि झाला नसला तरी वर्षातून एकदा दाखवायची.

आता ती संध्याकाळ. तुम्हाला माहीत आहे, पण या दोघींनी वाचावी म्हणून लिहिते.

नव्या स्टोव्हचा पहिलाच नोव्हेंबर. पाचच्या आधीच अंधार झालेला. स्टोव्हमध्ये जाळ संपून लाल निखारे उरले होते, खोली छान ऊबदार होती. मी ठेच्यासाठी मिरच्या परतायला घेतल्या. ठसका लागू नये म्हणून शेगडीवरचा पंखा पूर्ण वेगात सोडला, खिडक्या बंद. पाच-सात मिनिटांनी खालचा अलार्म ओरडायला लागला. धूर नव्हता, वास फक्त मिरच्यांचा होता, आणि मला खरोखर वाटलं की मिरच्यांमुळेच वाजतोय. हात बंद करायचं बटण शोधत होता. तेवढ्यात तुमचं वाक्य कानात आलं, अगदी तुमच्या आवाजात : "वाजला की आधी बाहेर. कारण नंतर शोधायचं." मी गॅस बंद केला, लेकीला रजईत गुंडाळलं आणि बाहेर गाडीत जाऊन ९११ ला फोन केला. अग्निशमन दलाच्या माणसांनी मीटर आत नेला. कार्बन मोनॉक्साइड घरात होताच.

रात्री तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारलात, "फोडणीचा पंखा चालू होता का?" तो पंखा मिनिटाला ६०० घनफूट हवा बाहेर फेकतो. घट्ट बंद घरात तेवढी हवा येणार कुठून? ती चिमणीतून खाली येते, आणि येताना निखाऱ्यांचा वायू घेऊन येते. निखाऱ्यांच्या वेळी ओढ कमी आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त. त्याला रंग नाही, वास नाही. मग तुम्ही कोळशाच्या शेगडीबद्दल बोललात. थंडीत दार लावून, शेगडी उशाशी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचत आलोय. तो हाच वायू. मी ते शब्द लहानपणापासून ऐकलेले होते आणि तरी माझा हात बटण शोधत होता.

आता स्टोव्ह चालू असेल तर स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी असते, आणि पंखा कमी वेगात. मराठी स्वयंपाक करणाऱ्या घरात हे सगळ्यांत आधी सांगायला हवं, आणि ते इथल्या कुठल्याच पुस्तिकेत मला ठळक दिसलं नाही.

राखेचंही सांगते. माझी आजी रात्री विस्तव राखेत दाबून ठेवायची आणि पहाटे फुंकणीने फुलवायची, शेजारणी तिच्याकडून निखारा घेऊन जायच्या. राखेत विस्तव जिवंत राहतो हे मला पाळण्यातलं ज्ञान, तरीही पहिल्या आठवड्यात मी राख कागदी पिशवीत भरून लाकडी ओट्यावर ठेवली होती. तुम्ही ती पाहिलीत, रागावला नाहीत, गाडीतून झाकणाची पत्र्याची बादली काढलीत. घरापासून लांब, बर्फात, झाकण घट्ट, चार दिवस हात लावायचा नाही. ती बादली तुम्ही येतानाच आणली होती, म्हणजे तुम्हाला माहीत होतं की मी हे करणार.

गेल्या फेब्रुवारीत तीन दिवस वीज गेली. बाहेर उणे वीस. तेलाची भट्टी विजेवर चालते, ती बंद. आम्ही सगळे त्या एका खोलीत गाद्या टाकून राहिलो, शेजारची म्हातारी बाईसुद्धा. स्टोव्हवर वरण-भात झाला. रात्री आळीपाळीने जागलो, अलार्मच्या बॅटऱ्या तुम्ही दिवाळीलाच बदलायला लावल्या होत्या. तिसऱ्या दिवशी लेक त्या म्हाताऱ्या बाईला लाकडं आपटून दाखवत होती, धप आणि खण.

आज भोगी. भाजी शिजतेय, बाजरीच्या भाकरी व्हायच्या आहेत, तीळ भाजून झालेत. संध्याकाळी स्टोव्ह पेटवायच्या आधी त्याच्या दाराच्या कडेची, फटीतून हवा शिरू न देणारी दोरी तपासली. पहिल्या दिवशी तुम्ही पाकिटातून दहा रुपयांची जुनी नोट काढून दारात धरलीत, दार लावलंत आणि ओढायला सांगितलंत. नोट सहज निघाली तर दोरी बदलायची, अडली तर ठीक. आज चारही बाजूंनी अडली. ती नोट तुम्ही न्यायला विसरलात, तेव्हापासून काडेपेटीच्या डब्यातच आहे. रविवारी तिळगूळ घ्यायला या, तेव्हा मागू नका, ती आम्हाला लागते.

तुमची,
नदीअलीकडची लेक