बो रोलर, नांगर आणि साखळीच्या सदोष संचाबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : शिडाच्या यॉटसाठी घेतलेला बो रोलर व नांगराचा संच वर्णनाप्रमाणे नसल्याबद्दल

महोदय,

बो रोलर (यॉटच्या पुढच्या टोकावरची, नांगराची साखळी जिच्यावरून सरकते ती चाकाची चौकट), नांगर आणि साखळी या आपल्या संचाबद्दल हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोन पत्रांना मिळून एकच उत्तर आलं, तेही दोन ओळींचं : "उत्पादनात दोष आढळत नाही. बसवताना किंवा वापरताना चूक झाली असावी." वस्तू डोळ्यांनी न पाहता दोष आढळत नाही हे कसं ठरलं, देव जाणे. म्हणून या वेळी मापांसकट लिहितो आहे.

माझी यॉट फायबरग्लासची, ११ मीटर लांब, एका डोलकाठीची. तिच्यावर आधी १६ किलोचा, मध्ये बिजागरी असलेला फाळाच्या घडणीचा नांगर होता. ही घडण जी. आय. टेलर या शास्त्रज्ञाने १९३३ साली काढली. शेतातल्या आणि समुद्रातल्या वस्तूला आपल्याकडे एकच शब्द आहे, आणि हा नांगर पाहिला की तो शब्द अगदी पटतो. वाळूत तो बरा रुतायचा, पण तळाला गवत असलं की नुसता वरून खरवडत जायचा. म्हणून खोलगट फाळाचा, डोक्यावर रोल बार, म्हणजे कमानीसारखी नळी, असलेला २० किलोचा नांगर घ्यायचं ठरवलं. नांगर बदलला की रोलरही बघावा लागतो, रोलर बघितला की साखळी. आपण "जुळवून दिलेला संच" म्हणून तिन्ही वस्तू एकत्र विकता. सुटं घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं. जास्तीचे पैसे दिले ते फक्त त्या "जुळवून" या शब्दासाठी.

आता मुख्य तक्रार. रोलरच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या ५ मिमी जाडीच्या असतील, असं आपल्या नकाशात छापलं आहे. माझ्या व्हर्निअरवर त्या ३ मिमी भरल्या. चार ठिकाणी मोजल्या, चारही ठिकाणी ३. फोनवर विचारलं तेव्हा आपल्या माणसाने सांगितलं, "पॉलिश करताना थोडी जाडी जाते, साहेब." दोन मिलिमीटर पोलाद पॉलिशमध्ये गेलं असेल तर ते पॉलिश नव्हे, रंधा मारणं झालं. शिवाय त्या पट्ट्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला वळवून गोल केलेल्या नाहीत. पत्रा कापला तशी कड सोडून दिली आहे. बोट फिरवलं तर नख अडकतं.

याचा परिणाम पहिल्याच वादळी रात्री दिसला. पाणी ५ मीटर खोल, रोलर पाण्यापासून सव्वा मीटर उंच, आणि साखळी सोडलेली ३५ मीटर. म्हणजे तळापासून रोलरपर्यंतच्या उंचीच्या साडेपाच पट. साखळी कमी सोडली होती, असं कृपया लिहू नका. संध्याकाळी वारा १२-१५ नॉट होता, मध्यरात्रीनंतर तो फिरला आणि २८-३० पर्यंत गेला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे आपल्याला मी सांगायला नको. शिडाची यॉट नांगरावर एका जागी उभी राहत नाही, डावीउजवीकडे झोके घेते. प्रत्येक झोक्याच्या टोकाला साखळी समोरून नाही, आडवी ओढली जाते. बो रोलरची खरी परीक्षा तिथेच असते. सरळ ओढ काय, कुठलाही रोलर सोसतो.

साखळीचा ताण विंडलासवर, म्हणजे साखळी ओढून घेणाऱ्या यंत्रावर, येऊ नये म्हणून मी नेहमी स्नबर लावतो, १४ मिमीचा नायलॉनचा दोर. तो आपल्या पट्टीच्या कडेवर घासत होता. जुन्या कापडाचा तुकडा गुंडाळून आलो, तो अर्ध्या तासात कापला गेला. दुसरा गुंडाळायला टॉर्च घेऊन पुढे सरपटत गेलो तेव्हा दोराच्या तीन पेडांपैकी दोन तुटलेले होते आणि तिसरा माझ्या डोळ्यांदेखत केसासारखा पिंजत चालला होता. हात लावायच्या आत तुटला. साखळी खाडकन ताणली गेली, उजवी पट्टी बाहेर वाकली, साखळी उडू नये म्हणून आडवी घातलेली पिन वाकून निसटली, आणि साखळी रोलरमधून उडून डेकच्या कडेवर येऊन बसली. पुढे उजाडेपर्यंत ती जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा गुळगुळीत थर, करवतीसारखी कापत होती. इंजिन चालू ठेवून, नाळ, म्हणजे यॉटचं पुढचं टोक, वाऱ्याकडे धरून आम्ही दोघं पहाटेपर्यंत जागे होतो. नांगर मात्र जागचा हलला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. नांगराच्या पकडीबद्दल माझी तक्रार नाही.

त्याच्या मापाबद्दल मात्र आहे. मागणी नोंदवण्याआधी मी रोलरपासून पुलपिटच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या कठड्याच्या, आडव्या नळीपर्यंतचं अंतर पाठवलं होतं, बाजूने काढलेला फोटोही पाठवला होता. पुठ्ठा कापून बघतो म्हणून नांगराची बाह्याकृती मागितली, तर "काळजी करू नका, बसेल" एवढंच उत्तर मिळालं. बसत नाही. रोल बार नळीला अडतो आणि नांगर शेवटचे १० सेंटिमीटर आत येतच नाही. रोल बार नसलेल्या घडणी अशाच यॉटसाठी निघाल्या आहेत. तो पर्याय सुचवायला आपल्याकडे फोटो होता, माप होतं आणि पंधरा दिवस होते.

साखळीचंही तेच. माझ्या विंडलासची जिप्सी, म्हणजे साखळीच्या कड्या जिच्या खाचांत बसतात ती चकती, १० मिमीच्या, डीआयएन ७६६ या मानकाच्या साखळीसाठी आहे. त्या साखळीच्या कडीची आतली लांबी २८ मिमी असते. आपण पाठवली ती आयएसओ ४५६५ ची, ३० मिमीची. "दहाची म्हणजे दहाची" हे उत्तर दोरीच्या दुकानात चाललं असतं. दोन मिलिमीटरचा फरक दर कडीला वाढत जातो, आणि थोडा ताण आला की साखळी खाच सोडून उडते. विंडलासचं मॉडेल मी मागणीच्या अर्जात लिहिलं होतं.

गंजाबद्दल थोडक्यात. वर्णनात ३१६ दर्जाचं स्टेनलेस म्हटलं आहे, पण पाच आठवड्यांत वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना तपकिरी पट्टे उमटले. "लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे ३१६ च आहे" हा आपल्या माणसाचा दाखला निरुपयोगी आहे, ३०४ या साध्या दर्जालाही चुंबक सहसा चिकटत नाही. फरक मॉलिब्डेनम या गंज रोखणाऱ्या धातूचा असतो आणि तो चुंबकाने कळत नाही. पोलाद खरोखर ३१६ असेल तर वेल्डिंगनंतर ते आम्लाने साफ केलेलं नाही. दोन्हींपैकी काय झालं, ते कारखान्याच्या धातू-प्रमाणपत्रासह कळवावं.

बसवताना चूक झाली असेल, या शंकेबद्दल : डेकच्या गाभ्यात बाल्साचं लाकूड आहे, म्हणून भोकं मोठी पाडून, इपॉक्सी भरून, पुन्हा योग्य मापाची पाडली. खालून ६ मिमीची आधारपट्टी दिली. सगळ्या पायऱ्यांचे फोटो सोबत आहेत. त्या रात्री बोल्ट तसूभर हलले नाहीत. वाकली ती आपली पट्टी. माझ्या यॉटचा फोरस्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून ताणून धरणारी तार, वेगळ्या प्लेटवर आहे म्हणून बरं. अनेक यॉटवर तो याच फिटिंगला अडकवलेला असतो, तिथे पट्टी वाकली की डोलकाठीपर्यंत प्रश्न जातो. हाच रोलर आपण तशा यॉटसाठीही विकत असाल, तर निदान त्या ग्राहकांना आजच कळवा.

माझ्या मागण्या अशा : संपूर्ण संच आपल्या खर्चाने परत न्यावा आणि पूर्ण रक्कम परत करावी. डेकच्या कडेचा जेलकोट दुरुस्त करण्याचा आणि तुटलेल्या स्नबरचा खर्च द्यावा, दुरुस्तीचं अंदाजपत्रक जोडलं आहे. बदली रोलर नको. नकाशातले ५ मिमी प्रत्यक्षातही ५ मिमी आहेत, हे मला पुन्हा व्हर्निअर घेऊन तपासत बसायचं नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास ही सगळी कागदपत्रं घेऊन मी ग्राहक म्हणून कायदेशीर तक्रार दाखल करीन. वाकलेली पट्टी आणि पिन मी जपून ठेवली आहे. आपला माणूस कधीही येऊन मोजू शकतो. स्वतःचा व्हर्निअर आणावा.

आपला,
एक ग्राहक

सोबत : मागणीच्या अर्जाची प्रत, आपल्या नकाशाची प्रत, आधी पाठवलेली दोन पत्रं व त्यांचं उत्तर, फोटो, दुरुस्तीचं अंदाजपत्रक